ब्याड

धाराशिवच्या बसस्थानकात उमरग्याची गाडी लागली होती आणि तिच्या तिसऱ्या खिडकीत आईच्या मांडीवर बसलेल्या दोन-अडीच वर्षांच्या पोरीनं तोंडाशी आलेलं बिस्कीट हातानं झटकून दिलं. "ब्याड," ती म्हणाली. आईनं बिस्कीट पुन्हा पुढं केलं. "ब्याड! ब्याड!" पोरगी मान हलवून ओरडली आणि बिस्कीट खिडकीतून खाली गौरीशंकरच्या चपलेपाशी येऊन पडलं. गौरीशंकर हातात चहाचा कप घेऊन तिथंच उभा होता. खरं तर सव्वादहाला त्यानं जिल्हा परिषदेत, शिक्षण विभागातल्या आपल्या टेबलाशी असायला हवं होतं. घरातून तो ऑफिसला म्हणूनच निघाला होता. डबा घेतला होता, बायकोला, उमादेवीला 'येतो' म्हटलं होतं, आणि पाय मात्र त्याला न विचारता इकडं वळले होते. कारण पिशवीत डब्याच्या खाली फाईल होती. सोलापूरच्या दवाखान्यात गेल्या गुरुवारी त्याची अँजिओग्राफी झाली होती आणि तीन ठिकाणी ब्लॉक निघाले होते. सोमवारी बायपास करायची, त्यासाठी एक बेड राखून ठेवलाय, आणि तो पाहिजे की नको हे आज चारच्या आत फोनवर कळवायचं, असं तिथल्या बाईंनी दोनदा बजावलं होतं. हे सगळं घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. नको म्हणून सांगायचं हे त्यानं मनाशी जवळजवळ ठरवलं होतं. आणि हे जवळजवळ ठरवलेलं मन घेऊन कुठं बसावं ते न कळून तो बसस्थानकावर आला होता, कारण कुठंही न जाणारा माणूस तिथं खपून जातो.

"काय म्हणाली ती?" त्यानं मान वर करून त्या बाईला विचारलं. बाई ओशाळली. तिला वाटलं, बिस्कीट अंगावर पडलं म्हणून हा माणूस रागावलाय. "नको म्हणतीया, काका. आमी आळंदकडचे न्हवं का, घरात कन्नड बोलताव. ब्याड म्हंजे नको," ती म्हणाली. "लई हट्टी हाय. नको म्हणली की नकोच." गौरीशंकरनं मान डोलावली, बिस्कीट उचलून कठड्यावर ठेवलं, कप टाकला आणि तो तसाच उभा राहिला. छातीत ओळखीची जळजळ झाली. ती त्याला गेले सहा महिने पित्ताची वाटत होती. या वेळी मात्र ती पित्ताचीही नव्हती आणि ब्लॉकचीही नव्हती. ब्याड म्हणजे नको. दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरात, पुढच्या खोलीत, शांताआत्या बावीस दिवस हाच शब्द म्हणत होती. आणि बावीस दिवस त्यानं तो शब्द 'बेड' असा ऐकला होता. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलायच्या आत गौरीशंकर तिच्यात चढला होता.

मागच्या बाकावर जागा मिळाली. गाडी तुळजापूरच्या रस्त्याला लागली, वारा तोंडावर यायला लागला, आणि गौरीशंकरनं आपल्या सवयीप्रमाणं घडलेल्या गोष्टींची मनात टिपणी लिहायला घेतली. सव्वीस वर्षं नोकरीत त्यानं दुसरं काय केलं होतं? विषय: श्रीमती शांताक्का, वय त्या वेळी एकाहत्तर, राहणार उमरगा, यांचा आजार. वडिलांची धाकटी बहीण. सारं उमरगा तिला शांताक्का म्हणायचं, तो एकटा आत्या म्हणायचा. नवरा लवकर गेला, एकुलता मुलगा मल्लेश मस्कतला. कडक भाकरी करून विकणारी बाई. पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या ज्वारीच्या भाकरी, ज्या हायवेवरचे ट्रकवाले गठ्ठ्यानं घेऊन जातात. त्याच्या मुलीच्या, शिवप्रियाच्या साखरपुड्याला ती धाराशिवला आली, कार्य उरकलं, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी उचलताना ती बशी हातातून सुटली आणि पाठोपाठ आत्या. मेंदूत गुठळी. उजवं अंग गेलं, वाचा गेली. नऊ दिवस दवाखाना, मग गौरीशंकरचं घर. इथवर टिपणी ठीक चालली होती. पुढं त्याला लिहावं लागलं की वाचा गेली होती हे चूक आहे. मराठी गेली होती. लहानपणची कन्नड तेवढी तोंडात उरली होती, तीही लुळ्या जिभेवरून घरंगळत येणारी, आणि घरात ती कळणारा एकही माणूस नव्हता. उमादेवी औशाकडची, तिच्या माहेरी तीन पिढ्यांत कुणी कन्नड बोललं नव्हतं. शिवप्रियाला ती येण्याचा प्रश्नच नव्हता. आणि गौरीशंकर स्वतः? त्याला यायला हवी होती. त्याची ती आईची भाषा होती.

आई, रुद्रम्मा. तिची आठवण अशी मधेच यावी याचं त्याला नवल वाटलं, पण गाडी घाटाला लागली होती आणि घाटात त्याला कायमच काही ना काही आठवायचं. वडील, वीरप्पा, तेरला एका किराणा दुकानात दिवाणजी होते. गौरीशंकर तिसरीत. गुरुजींनी विचारलं, शाळेत काल का आला नाहीस? त्यानं उभं राहून सांगितलं, "माझी बाप आली होती." कन्नड घरातल्या पोराची ती ठरलेली चूक. बाप असो की बादली, मराठीत कुणाला 'तो' म्हणायचं आणि कुणाला 'ती', हे त्याला आधी कळायचंच नाही. वर्ग हसला. हसला म्हणजे किती, तर पुढं वर्षभर त्याला पोरं 'बाप आली' म्हणून हाक मारायची. हे घरी कळलं त्या संध्याकाळी वीरप्पांनी जेवताना फर्मान काढलं: या घरात आजपासून कन्नड बंद. पोराची मराठी बिघडतेय. गौरीशंकरची मराठी सुधारली. इतकी की पुढं मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची भाषणं तोच लिहून द्यायला लागला. आई मात्र मुकी झाली. म्हणजे मराठीत 'जेव', 'झोप', 'पाणी तापलंय' एवढं बोलायची. बाकी सगळं बोलणं ती सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसली की त्याच्याशी, पुटपुटत, कन्नडमध्ये करायची. देवाला वीरप्पांचं फर्मान लागू नव्हतं. पूजा लांबत लांबत तासाची झाली. पोरगा दाराआडून ऐकायचा, आणि पुढं पुढं ऐकूनही कळेनासं झालं. त्याला आत्ता, पन्नाशी ओलांडल्यावर, तुळजापूरच्या घाटात, आईचा विलक्षण कळवळा आला. तिनं 'ब्याड' हा शब्द किती वेळा आत गिळला असेल, असं त्याच्या मनात आलं. मग लगेच असंही आलं की आपल्याला आत्ताच हे सगळं का सुचतंय? ज्याच्या छातीची चिरफाड व्हायची आहे त्या माणसाला सगळ्या आयाबाया आठवतात की काय?

चिरफाड. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागं पेनानं हृदय काढून दाखवलं होतं. ते रताळ्यासारखं दिसत होतं. मधलं हाड कापायचं, मग तारेनं पुन्हा बांधायचं. डॉक्टर शर्टाची गुंडी लावायला सांगावी तशा सुरात हे सांगत होते. गौरीशंकर तिथं हसला होता, आणि बाहेर येऊन बाकावर अर्धा तास बसला होता. भीती तर होतीच, ती कबूल करायला त्याची हरकत नव्हती. पण त्या भीतीच्या पोटात एक दुसरा हिशोब होता, आणि तो शांताआत्याशी निगडित होता. आत्या उठली. दवाखान्यानं, शेजाऱ्यांनी, त्यानं स्वतः सोडून दिलेली बाई अडीच महिन्यांत आधाराशिवाय चालायला लागली, उमरग्याला आपल्या घरी गेली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. हे कसं झालं याचं गौरीशंकरला दोन वर्षं कुतूहल होतं. कुणाच्या घरी जेवण चांगलं झालं की बायका कृती विचारतात, तसं त्याला तिला कृती विचारायची होती. त्यानं आपल्यापुरती एक उपपत्तीही लावली होती. आत्या तर सारखं बेड बेड करत होती, म्हणजे तिच्या मनानं हाय खाल्ली होती. उठलं ते तिचं शरीर. म्हणजे काही शरीरं मुळातच तशी असतात, चिवट, जुन्या ज्वारीवर पोसलेली. त्यात माणसाचं कर्तृत्व नाही. आणि आपलं शरीर तसं नाही. आपण जिना चढलो तरी धापा टाकतो. तेव्हा कशाला उगाच छाती फोडून घ्या? गोळ्या खाव्यात, चालतंय तेवढं चालू द्यावं. 'नको'च्या बाजूला त्यानं ठेवलेला सगळ्यात भक्कम कागद हा होता. आणि एका शेंबड्या पोरीनं बिस्कीट झटकून तो फाडला होता.

कारण आत्यानं बेड कधी मागितलाच नव्हता. नळदुर्ग येईपर्यंत त्यानं ते बावीस दिवस एकेक करून पुन्हा पाहिले, आणि प्रत्येक दिवस आता उलटा दिसायला लागला. संध्याकाळी पाचला फिजिओथेरपीच्या दैवशाला मॅडम यायच्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, हसतमुख. त्या काखेत हात घालून आत्याला खुर्चीतून उभं करायच्या, गौरीशंकर दुसरीकडून धरायचा. आत्या थरथरायची, तोंड वाकडं करून जीव खाऊन म्हणायची, "ब्येड. ब्येड." मॅडम म्हणायच्या, "दमल्या आजी. टाका परत." तो तिला उचलून बेडवर ठेवायचा. आत्या भिंतीकडं तोंड करायची. "सर, व्यायाम मी घेईन हो, पण आजींची इच्छाशक्तीच नाही. सारखं आपलं बेड, बेड," मॅडम दारात चपला घालताना हलक्या आवाजात म्हणायच्या. तो मान हलवायचा. फोनवर मल्लेशलाही त्यानं तेच सांगितलं होतं, की तुझ्या आईनं मनानं सोडलंय रे. एकदा दुपारी आत्या खाली फरशीवर सापडली. बेडवरून पडली असं सगळ्यांनी धरलं. आज त्याला स्पष्ट आठवलं की तेव्हा चादर नीट घडी घालून पायाशी ठेवलेली होती. पडणारा माणूस चादरीची घडी घालत नाही. ती उठायला गेली होती. आणि त्यानं काय केलं? दोन्ही बाजूंनी दांड्या असलेला दवाखान्याचा लोखंडी बेड मागवला, आणि त्या दांड्या वर करून अडकवल्या. आपण किती काळजी घेतो याचं त्याला त्या दिवशी समाधान वाटलं होतं. चांगला पोटभर जेवला होता तो.

मग तेविसावा दिवस. खुर्चीत बसवून उमादेवीनं आंबील भरवली होती आणि तो नेहमीसारखा दोन्ही हात पुढं करून उचलायला वाकला, तेव्हा आत्यानं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. ओठ हलले, पुन्हा हलले, आणि शब्द आला. "न... नको." स्वच्छ, मराठी. उमादेवीच्या हातातली वाटी तशीच राहिली. "बोलल्या! आत्या बोलल्या!" ती ओरडली. शिवप्रिया आतून धावत आली. गौरीशंकरच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी पेढे वाटले, मस्कतला फोन लावला. आणि त्या आनंदाच्या भरात त्यानं आत्याला उचललं आणि बेडवर ठेवलं. बसमध्ये बसल्या बसल्या गौरीशंकरला हसू फुटलं. ते इतकं वाईट हसू होतं की शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडं वळून पाहिलं. "काय झालं, साहेब?" "काही नाही. एकाला फार वर्षांनी एक गोष्ट कळली." "कळली न्हवं? मंग बास की," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा पेंगायला लागला. बास कसलं? आपण माणसांना आडवं करणारा माणूस आहोत, हे कळल्यावर बास कसं म्हणायचं? आपल्याला भीती वाटते म्हणून आपण समोरच्याला झोपवतो. समोरचा काय म्हणतोय ते आपल्याला सोयीचं असेल तेवढं ऐकू येतं. आणि आता समोरचा कुणी नाही म्हटल्यावर आपण स्वतःलाच आडवं करायला निघालो होतो, चांगल्या दांड्या-बिंड्या लावून. पण मग आत्याच्या शरीरात नसेल तर ते कुठं होतं? बावीस दिवस 'नको' म्हणायचं, बावीस दिवस उलट ऐकलं जायचं, आणि तेविसाव्या दिवशी पुन्हा म्हणायचं, हे कुठून येतं? त्याला आता ते फक्त जाणून घ्यायचं होतं. या कुतूहलात जळजळ कधी थांबली ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

उमरग्याला उतरला तेव्हा एक वाजून गेला होता. हायवेवरून हैदराबादकडं जाणारे ट्रक घरं हलवत जात होते, आणि त्यांच्या मागच्या गल्लीत आत्याचं दोन खोल्यांचं घर. दार उघडंच होतं. आवाज आधी ऐकू आला. पूर्वी तो दोन हातांचा, चटपट चटपट असा सलग यायचा, गल्लीच्या तोंडापासून. आता तो एका हाताचा होता, धप, मग थोडं थांबून, धप. आत्या चुलीपुढं पाटावर बसली होती. परात भिंतीला तिरकी टेकवली होती आणि परातीच्या काठावर तिचा उजवा हात आडवा ठेवलेला होता. तो हात काही करत नव्हता, फक्त परात सरकू देत नव्हता. डावा हात भाकरी थापत होता, फिरवत होता, पुन्हा थापत होता. मागच्या वेळी त्यानं या हाताचं विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, "मेला न्हाय, बसलाय. मंग बसल्या जागंचं काम दिलंय त्याला." दारात सावली पडली तसं तिनं वर पाहिलं. कपाळावर विभूतीचे पट्टे, तोंडाची उजवी कड अजून किंचित ओघळलेली. "बा, ये, शंकऱ्या," ती म्हणाली. "कुंद्रु. बस. आज ऑफिस न्हाय व्हय? का काढून टाकलं?" तिची मराठी परत आली होती, पण पूर्वीइतकी नेटकी नाही. तिच्यात आता कन्नड शब्द मोकळेपणानं येऊन बसायचे आणि ती त्यांना उठवायची नाही.

तो भिंतीला टेकून बसला. पाणी प्याला. काय नि कसं विचारावं हे त्यानं गाडीत तीन प्रकारे लिहून काढलं होतं, त्यातलं एकही आठवेना. "आत्या," तो म्हणाला, "तुम्ही आजारी होता तेव्हा माझ्या घरी... तुम्ही बेड म्हणत नव्हता ना? ब्याड म्हणत होता." डावा हात थांबला. आत्यानं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत काय आहे ते त्याला कळेना, आणि एकदम तिचं पोट हलायला लागलं. ती हसत होती. ओघळलेल्या तोंडातून हसू एका बाजूनं सांडत होतं. "आत्ता कळलं तुला? दोन वर्सांनी?" ती म्हणाली. "हुच्चा हाईस बघ. अगदी बापावानी हुच्चा. येडा." "आज बसस्थानकात एका पोरीनं सांगितलं." "पोरीनं सांगितलं! बरं झालं बया." ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "धरू नका म्हणत हुते रं मी. ती मास्तरीण हिकडून धरायची, तू तिकडून. म्हटलं सोडा, ब्याड, माजी मी उठतीय. आदी पडंन, मंग उठंन. तर तुमी सोडायच्या ऐवजी उचलून निजवायचा. जितकं ब्याड म्हणावं तितकं निजवायचा. म्या म्हटलं, ह्या पोराचं माझ्यावर काय वैर हाय?"

"मग दुसरं काही का नाही म्हणालात?" त्यानं विचारलं, आणि विचारल्यावर तो प्रश्न किती निर्लज्ज आहे हे त्याला कळलं. आत्याला तसं वाटलं नसावं. ती विचारात पडली. "हुडकत हुते की," ती म्हणाली. "तुमी सगळे मराठी बोलायचा ते समदं कळायचं मला. पर माजी मराठी कुठं ठिवलीय तेच घावंना. घर आपलंच, पर डबं कुणीतरी हलवल्यावानी. हात घालावा तिथं कन्नडच हाताला लागायचं. म्हटलं, ह्याला ब्याड कळत न्हाय, ह्याचा शब्द हुडकाय पायजे. बाकी काय नको, त्यो एक शब्द पायजे. दिसभर भिताडाकडं तोंड करून त्योच हुडकायची." भिंतीकडं तोंड. गौरीशंकरनं मान खाली घातली. दैवशाला मॅडमनी त्या भिंतीकडच्या तोंडाचं नाव इच्छाशक्ती नाही असं ठेवलं होतं, आणि त्यानं ते बिनतक्रार पुढं पाठवलं होतं. "आन बावीस दिसांनी घावला. नको. म्हटलं, सुटले! म्हटलं तोंडानं, तर तुमची ही बोंबाबोंब, पेडं काय, फोन काय. आन तू? उचललास आन पुन्यांदा ठिवलास!" ती आता हसत नव्हती. तिचा श्वास जड झाला होता.

"राग आला?" "लई. जन्मात येवढा आला न्हाय. नवरा मेला तवा देवाचा बी आला न्हवता येवढा. त्या रागानंच ह्यो पाय हलला बघ." तिनं उजव्या पायावर डाव्या हातानं थाप मारली. पिठाचा पंजा लुगड्यावर उठला. "तुमी समदी पेडं खात हुता, आन मी पांघरुणात पाय हलवून बघत हुते." गौरीशंकर पंजाच्या त्या खुणेकडं पाहत राहिला. त्याला इतके दिवस वाटत होतं, कृती सांगताना ती देवाचं नाव घेईल, किंवा ज्वारीचं, किंवा मल्लेशचं. तिनं तर त्याच्यावरचाच राग काढून पुढ्यात ठेवला. आणि त्यात गंमत अशी की तिला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. ती पुन्हा पीठ मळायला लागली होती. त्याला तिचा अभिमान वाटला. अशी बाई आपली आत्या आहे आणि आपण तिच्या परातीपासून दोन हातांवर बसलो आहोत, एवढ्यानंही त्याला बरं वाटलं.

"येवढं इच्यारायला आलास व्हय रं उमरग्याला?" तिनं मान न वळवता विचारलं. "डबा तसाच दिसतोय पिशवीत. आन हाताला घाम का तुझ्या?" मग त्यानं सांगितलं. तीन ब्लॉक, सोमवार, बेड, चारच्या आत. फाईल काढून दाखवली. आत्यानं हात धुतला, फाईल मांडीवर घेतली, हृदयाचं ते रताळं उलटंसुलटं करून पाहिलं. "उमाला म्हाईत हाय?" "नाही." "भ्या वाटतंय?" आयुष्यात त्याला हे थेट कुणी विचारलं नव्हतं. घरात नाही, दवाखान्यात नाही. "व्हय," तो म्हणाला. आणि त्याच्या तोंडून 'हो' न येता 'व्हय' आलं याचंही त्याला बरं वाटलं. "फार भीती वाटते, आत्या. मी तुमच्यासारखा नाही." "माझ्यासारकी मी तरी कुठं हुते?" ती म्हणाली. "मला बी अजून वाटतंय. जिना दिसला की आदी कठडा धरून हुबी ऱ्हातीय." फाईल तिनं मिटून त्याच्याकडं सरकवली. कर म्हणाली नाही, करू नको म्हणाली नाही. तो वाट पाहत होता. खरं तर याचसाठी तो शंभर किलोमीटर आला होता, की तिनं काहीतरी एक म्हणावं आणि आपण ते करावं. चूल धुपली, तिनं फुंकणीनं जाळ केला. "मला कुणी इच्यारलं न्हाय, शंकऱ्या," ती मग म्हणाली. "निजवायचं का उठवायचं, हितं ठिवायचं का तितं. मी वरडून सांगत हुते तरी कुणी इच्यारलं न्हाय. तुला फोन करून इच्यारत्यात. मंग तूच सांग की."

तिनं शेंगाचटणी वाढली, वर दही घातलं, डब्यातली कडक भाकरी मोडून ताटात ठेवली. तो जेवला. दुसरी भाकरी हातात धरून ती थांबली आणि त्याच्याकडं पाहून, लहान मुलाला विचारावं तशी, पण चेष्टेनं म्हणाली, "बेको, ब्याडो?" त्याला कळेना. "बेकु म्हंजे पायजे. ब्याड म्हंजे नको. दोनच शब्द हायती सगळ्या भाषेत, बाकी समदं भुस्कट. तुज्या बापानं तेवढं तरी शिकू द्यायचं हुतं." "बेकु," तो म्हणाला. जीभ अडखळली. पण शब्द कुठंतरी आतच होता, दाराआडून ऐकलेला, पूजेच्या खोलीतला. आईनं वाढताना त्याला हेच विचारलं असणार, तिसरीच्या आधी. आत्यानं भाकरी ताटात टाकली. पुन्हा परात तिरकी केली, उजवा हात उचलून तिच्या काठावर नेऊन ठेवला, आणि धप, धप सुरू झालं. तिच्या पाठीकडं पाहत तो किती वेळ बसला होता कुणास ठाऊक. साडेतीन वाजून गेले होते तेव्हा खिशातला फोन वाजला.

"सर, सोलापूरहून बोलतेय. चार वाजत आले. सोमवारच्या बेडचं काय करू? ठेवायचा का सोडायचा?" बाईंचा आवाज आधीसारखाच कामाचा होता. गौरीशंकर उठून उभा राहिला. नुसत्या उभं राहण्यानं छाती भरून आली. "बेड..." तो म्हणाला. आणि पुढचा शब्द जुळवेपर्यंत समोरचा धप आवाज थांबलेला त्याला ऐकू आला. आत्याचा डावा हात हवेत राहिला होता. तिनं वळून पाहिलं नाही, पण तिची मान हळूहळू खाली गेली, खांदे पडले, आणि ती भिंतीकडं बघायला लागली. तिनं तो शब्द तिच्या भाषेत ऐकला होता. नको. म्हटलंच शेवटी, नको. बावीस दिवस एका बाईला कसं वाटलं असेल ते गौरीशंकरला एका क्षणात, छातीतल्या तिन्ही बंद जागांसकट, कळलं. "बेकु!" तो ओरडला. "बेड बेकु!"

"काय म्हणालात, सर?" फोनमधून बाईंनी विचारलं.

"हुच्चा!" आत्या पाटावरूनच गर्रकन वळली. पिठानं माखलेला डावा हात तिनं त्याच्यावर उगारला होता, डोळे भरले होते आणि तोंड एका बाजूनं हसत होतं. "ब्याड आन बेकु दोन्ही कसं रं? एक काय ते सांग त्या बाईला!"

"पाहिजे, मॅडम," गौरीशंकर फोनमध्ये म्हणाला. "बेड पाहिजे. मी येतो." आणि मग फोन कानाला तसाच ठेवून आत्याला म्हणाला, "बेकु." ती पुन्हा परातीकडं वळली.